मोजक्या खर्चात पाहुण्यांचं जेवण: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाहुण्यांच्या जेवणाबद्दल बरीच पत्रं आली. त्यातल्या बहुतेकांना वाटतं की स्वस्त जिन्नस शोधले की खर्च आटोक्यात येईल. आमच्या मते खर्च वाढतो तो न मोजता केलेल्या स्वयंपाकामुळे आणि पदार्थांच्या संख्येमुळे. म्हणून या उत्तरांमध्ये वजनं आणि मापं भरपूर आहेत. ती वहीत उतरवून ठेवा, दर वेळी उपयोगी पडतील.

प्रश्न: बारा जणांना रात्री जेवायला बोलावलं आहे. खर्चाची रक्कम ठरलेली आहे. आधी पदार्थ ठरवावेत की आधी पैशांची वाटणी करावी?

आधी पैसे. ठरलेल्या रकमेचा साधारण आठवा हिस्सा सुरुवातीलाच बाजूला काढा आणि त्याला हात लावू नका. बर्फ, ऐनवेळी संपलेलं दूध, आयत्या वेळी वाढलेलं एक माणूस, हे सगळं त्यातून भागतं. उरलेल्या रकमेतच पदार्थ बसवायचे.

आता अंदाज. मोठं माणूस एका जेवणात, गोड आणि पेयं सोडून, साडेपाचशे ते साडेसहाशे ग्रॅम शिजवलेलं अन्न खातं. लहान मुलं याच्या निम्मं. तुम्ही तीन पदार्थ करा नाहीतर आठ करा, हा आकडा फारसा हलत नाही. मात्र आठ पदार्थ केले की कोण काय जास्त घेईल ते कळत नाही. मग प्रत्येक पदार्थ सगळ्यांना पुरेल एवढा करावा लागतो आणि प्रत्येकातलं थोडं थोडं उरतं. पैसे जातात ते या उरलेल्यात.

बारा जणांसाठी भात, काबुली चण्यांचा रस्सा, कोबी-गाजराची कोशिंबीर आणि दही असा बेत धरला, तर माप असं: सुके चणे ६०० ग्रॅम (माणशी ५०), कांदे ६०० ग्रॅम, टोमॅटो ८०० ग्रॅम, तेल १२० मिलिलिटर, तांदूळ ९०० ग्रॅम (माणशी ७५), कोबी आणि गाजर मिळून १ किलो, दही १ किलो. चणे भिजून-शिजून जवळपास १,४०० ग्रॅम होतात. कांदा-टोमॅटो आणि पाणी धरून रस्सा तीन किलोच्या आसपास भरतो. भात अडीच किलोच्या थोडा वर जातो. म्हणजे माणशी पाव किलो रस्सा, दोनशे ग्रॅमच्या वर भात, आणि बाकीचं कोशिंबीर आणि दही. कोणी उपाशी उठणार नाही, आणि फारसं काही उरणारही नाही.

हिशेब मांडताना प्रत्येक जिन्नसापुढे तीन रकाने करा: लागणार किती, घरात आहे किती, विकत किती घ्यावं लागेल. तिसरा रकाना फार महत्त्वाचा. दोन चमचे मसाल्यासाठी अख्खं पाकीट घ्यावं लागणार असेल, तर खर्चात पाकिटाची पूर्ण किंमत धरायची. एकाच पदार्थात लागणारा आणि पुन्हा कधी न वापरला जाणारा जिन्नस बेतातून काढून टाका. बेत याने गरीब होत नाही.

प्रश्न: एकच मुख्य पदार्थ केला तर पाहुण्यांना हात आखडता घेतल्यासारखं वाटणार नाही का?

तो पदार्थ भरपूर असेल, गरम असेल आणि ताटात चवींचा फरक असेल, तर नाही वाटणार. ताट रिकामं वाटतं ते सगळं एकाच पोताचं असल्यामुळे: मऊ भात, मऊ रस्सा, मऊ भाजी. त्यात एक कुरकुरीत गोष्ट, एक आंबट आणि एक थंड गोष्ट घातली की ताट भरल्यासारखं दिसतं. कच्चा कोबी, लिंबाची फोड, दही, वरून भाजलेले दाणे किंवा कुरकुरीत तळलेला कांदा हे सगळं स्वस्तच आहे.

तळलेल्या कांद्याबद्दल एक सूचना. एक किलो कांदा एकाच कढईत लोटला तर तो तळला जात नाही, स्वतःच्या पाण्यात उकडतो. अडीचशे-अडीचशे ग्रॅमचे हप्ते करा. रंग सोनेरी झाला की लगेच काढा, कारण बाहेर काढल्यावरही तो गडद होत राहतो. कागदावर पसरून गार झाला की मगच कुरकुरीत होतो. गरम असताना डब्यात भरला तर वाफेने मऊ पडतो.

प्रश्न: थोडे चणे छान शिजतात. पाहुण्यांसाठी जास्त केले की मात्र कडक राहतात. असं का?

याची चार कारणं असू शकतात, आणि एका वेळी दोन-तीनही असतात.

पहिलं, चणे जुने असणं. फार दिवस, विशेषतः उष्ण दमट जागी ठेवलेलं कडधान्य कितीही शिजवलं तरी पुरतं मऊ होत नाही. जास्त लागतं म्हणून दोन वेगवेगळ्या वेळी आणलेले चणे एकत्र केले, तर निम्मे शिजतात आणि निम्मे कडक राहतात. सगळे एकाच खेपेचे घ्या आणि आधी मूठभर शिजवून पाहा.

दुसरं, भिजायला पाणी कमी पडणं. ६०० ग्रॅम चण्यांना दोन लिटर पाणी हवं, आठ ते बारा तास. वरचे चणे पाण्याबाहेर उघडे पडले की ते कोरडेच राहतात.

तिसरं, आंबट. टोमॅटो, चिंच, लिंबू आधी घातलं की दाण्याची साल आणि आतला भाग सैल पडत नाही. चणे बोटांत सहज चिरडेपर्यंत साध्या पाण्यात शिजवा, आंबट त्यानंतर. मिठाचं मात्र तसं नाही, भिजवताना पाण्यात मीठ घातलं तर उलट साल मऊ पडायला मदतच होते.

चौथं, पाणी जड असणं. जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याला घट्ट धरून ठेवतं. अशा वेळी ६०० ग्रॅम चण्यांना पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा पुरे. जास्त घातला तर साबणासारखी चव येते आणि चण्यांचा लगदा होतो.

शिवाय कुकर किती भरता तेही बघा. कडधान्यं फुगतात आणि फेसाळतात, म्हणून पाण्यासकट कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. त्याच्या वर गेलं की फेस झडपेत अडकतो. भिजलेले ६०० ग्रॅम चणे पाच लिटरच्या कुकरमध्ये जेमतेम बसतात. कुकर त्याहून लहान असेल तर दोन खेपा करा. पूर्ण दाब आल्यावर आच मंद करून पंधरा ते वीस मिनिटं, मग कुकर आपोआप उतरू द्या.

चण्यांऐवजी राजमा घेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवाच. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं एक विषारी द्रव्य असतं. भिजवलेलं पाणी टाकून द्या, नवीन पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळू द्या आणि मग मऊ शिजवा. कमी तापमानावर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट घालू नका. तिथे उकळी येत नाही, आणि अर्धवट तापलेला राजमा जास्तच बाधतो.

डब्यातले शिजवलेले चणे घ्यायचे असतील तर ४०० ग्रॅमच्या डब्यातून पाणी काढल्यावर साधारण २४० ग्रॅम चणे हाती येतात. ते जवळपास १०० ग्रॅम सुक्या चण्यांएवढे होतात. बारा जणांना सहा डबे लागतील. या दोन्हींच्या किमती मांडून पाहा आणि मगच ठरवा.

प्रश्न: एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी हे माप घरात बरोबर बसतं. पाच वाट्यांना दहा वाट्या घातल्या तर भाताचा गोळा झाला.

तांदूळ स्वतः साधारण आपल्याएवढंच पाणी शोषतो. बाकीचं पाणी वाफ होऊन जातं. किती वाफ जाईल ते भांड्याच्या तोंडावर, झाकणावर आणि वेळेवर ठरतं, तांदळाच्या मापावर नाही. म्हणून तांदूळ पाचपट झाला तरी वाफेचं पाणी पाचपट होत नाही. पाच वाट्यांना साडेसहा ते सात वाट्या पाण्यापासून सुरुवात करा. जुन्या तांदळाला थोडं जास्त लागतं.

पहिल्यांदाच एवढा भात करत असाल तर मापाच्या भानगडीत पडूच नका. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळा, तांदूळ घाला, दाण्याच्या मध्ये बारीकशी कणी राहिली की चाळणीत निथळून घ्या. मग झाकण घट्ट लावून दहा मिनिटं अगदी मंद आचेवर मुरू द्या. झाकणाखाली स्वच्छ कापड ठेवलं तर वाफेचं पाणी परत भातात टपकत नाही. कापडाची टोकं वर बांधा, आचेजवळ लोंबू देऊ नका.

प्रश्न: चार जणांची कृती बारा जणांसाठी तिप्पट केली. रस्सा पातळ, तिखट आणि खारट झाला. काय चुकलं?

पातळ होण्याचं कारण भातासारखंच आहे: पाणी तिप्पट घातलं, पण वाफ तेवढी गेली नाही. पाणी आधी दुपटीएवढंच घाला, बाकीचं लागेल तसं. पातळ झालाच तर दोन डाव चणे चिरडून परत घाला, रस्सा लगेच आळतो.

तिखट, लवंग, दालचिनी यांसारख्या तीव्र गोष्टी आधी दुपटीपर्यंत घाला आणि चव घेऊन वाढवा.

मीठ तयार पदार्थाच्या वजनाच्या साधारण एक टक्का लागतं. तीन किलो रश्शाला ३० ग्रॅम, म्हणजे सपाट पाच छोटे चमचे. आधी चारच घाला, पाचवा शेवटच्या उकळीनंतर चव पाहून. मीठ जास्त झालं की बटाटा घालायचा हा उपाय सगळीकडे सांगितला जातो. बटाटा फक्त खारट पाणी पितो, रश्श्याचा खारटपणा तेवढाच राहतो. खरा उपाय म्हणजे प्रमाण वाढवणं: बिनमिठाचं पाणी, शिजवलेले चणे, टोमॅटो, दही.

तळाला लागलं तर ढवळू नका, खरवडू नका. वरचं वर दुसऱ्या पातेल्यात काढून घ्या. जळका वास साधारणपणे तळाच्या थरात असतो, ढवळलं की तो सगळीकडे पसरतो.

प्रश्न: पाहुणे मांसाहारी आहेत आणि मांसाचा खर्च झेपत नाही. कमी मांसात कसं भागवावं?

मांसाला ताटाच्या मध्यावरून काढून पदार्थाच्या आत घाला. मोठे तुकडे वाढायचे तर हाडासकट माणशी दोनशे ग्रॅम लागतात. तेच लहान तुकडे करून डाळ, चणे किंवा बटाट्याबरोबर शिजवलं तर बिनहाडाचं शंभर ग्रॅमही पुरतं, आणि चव सगळ्या रश्श्यात उतरते. खिम्याला अख्खा मसूर चांगला साथ देतो: ५०० ग्रॅम खिम्याला २५० ग्रॅम सुका मसूर वेगळा शिजवून. मसूर शिजल्यावर सहाशे ग्रॅमच्या आसपास होतो आणि खिम्यात दिसूनही येत नाही. खिमा मात्र थोडा थोडा घालून मोठ्या आचेवर तांबूस परता. सगळा एकदम घातला तर पाणी सुटतं, तो करडा पडतो आणि चव कमी होते. हे मिश्रण आहे हे पाहुण्यांना सांगा, कोणाला पथ्य असू शकतं.

कोंबडी अख्खी घेऊन घरी तोडली तर साधारणपणे स्वस्त पडते, आणि सांगाडाही हाती येतो. एक किलो हाडांना दोन लिटर पाणी, कांदा, मिरी, मंद आचेवर दोन-तीन तास: हा अर्क भाताच्या पाण्याऐवजी वापरा. छातीचं मांस पटकन कोरडं होतं. मांडीचं मांस पाहुणे उशिरा आले आणि अर्धा तास जास्त शिजलं तरी मऊ राहतं, म्हणून जेवणावळीला तेच बरं. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि कोशिंबिरीच्या भांड्यांवर जातात. तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस तापमान गेलं की ती शिजली.

मोठ्या जनावराच्या मांसाचे पायाकडचे, खांद्याकडचे कडक भाग स्वस्त असतात. त्यांच्यातले चिवट तंतू ७० अंशांच्या वर हळूहळू विरघळून रस्सा दाट करतात, पण त्याला अडीच-तीन तास द्यावे लागतात. शिजताना वजन पाव ते एक तृतीयांश कमी होतं, हे विकत घेतानाच धरा.

प्रश्न: नोकरीमुळे आदल्या दिवशीच स्वयंपाक करावा लागतो. काय टिकतं, काय नाही?

रस्सा आदल्या दिवशी केलेलाच उत्तम, मुरल्यावर चव वाढते. कोशिंबिरीचा कोबी चिरून कोरड्या डब्यात ठेवा, पण मीठ आयत्या वेळी. मीठ लागलं की कोबीतलं पाणी बाहेर येतं आणि तासाभरात भांड्यात तळं साचतं. तळलेलं काहीही आदल्या दिवशी करू नका.

भात शक्यतो त्याच दिवशी करा. तांदळात काही जंतूंचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष परत तापवल्यावरही नष्ट होत नाही. भात उरलाच तर तासाभरात पसरट ताटात गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

रश्श्याचं मोठं गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकलू नका. मधला भाग पहाटेपर्यंत कोमट राहतो आणि शेजारचं दूधही तापतं. दोन इंचांपेक्षा खोल न भरता तो पसरट डब्यांत वाटा. घाई असेल तर पातेलं थंड पाण्यात ठेवून ढवळत राहा. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या दरम्यान दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, फार उकाड्यात एकच तास. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढून एकदाच खळखळून उकळा.

प्रश्न: पाहुण्यांत एक जण दूध-दही खात नाही, दोघं मांस खात नाहीत, एकीला गहू चालत नाही. प्रत्येकासाठी वेगळं करायचं तर खर्च कसा आवरायचा?

वेगळं करू नका. सगळ्यांना चालेल असा एक पाया शिजवा: तेलातला कडधान्याचा रस्सा आणि भात. दही, चीज, उकडलेली अंडी, मांस, पाव हे टेबलावर वेगवेगळ्या भांड्यांत, प्रत्येकात स्वतंत्र डाव. रस्सा दाट करायला कणीक किंवा मैदा लावू नका. तयार मसाल्याच्या आणि हिंगाच्या डबीवरचे घटकही वाचा. हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

प्रश्न: “काय आणू?” असं पाहुणे विचारतात. काय सांगावं?

नेमकी वस्तू आणि नेमकं माप. “काहीही चालेल” म्हटलं की चार जण गोडच आणतात. फळं दीड किलो, बर्फ दोन किलो, पाव बारा, असं सांगा. मुख्य पदार्थ कोणावर सोपवू नका. आणणारा उशिरा आला तर सगळं जेवण अडतं.

प्रश्न: पेयांवर फार खर्च होतो.

बाटल्या कमी करा, एकच पेय घरी करा. एक लिटर पाण्याला ९० मिलिलिटर लिंबाचा रस, १०० ते १२० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. साखर आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवा, नाहीतर तळाशी बसते आणि चव फिकी लागते म्हणून तुम्ही आणखी घालत राहता. बारा जणांना चार लिटर पुरतं. साध्या पाण्याचे तांबे टेबलावर हाताशी असले की पेय हळू संपतं.

प्रश्न: अंडं न घालता करता येईल असं स्वस्त गोड सुचवा.

घट्ट बसवलेलं दूध करा. एक लिटर दुधातलं पाव लिटर थंडच बाजूला काढून त्यात ८० ग्रॅम कॉर्नफ्लोअर गुठळ्या न ठेवता कालवा. बाकीचं दूध ९० ग्रॅम साखर घालून उकळा, आच कमी करून कालवलेलं दूध बारीक धारेने ओता आणि सतत ढवळा. बुडबुडे यायला लागल्यावर आणखी दोन मिनिटं शिजवा. इथेच लोक घाई करतात. दाट दिसलं म्हणून लगेच उतरवलं, तर पिठाची कच्ची चव राहते. लहान वाट्यांत भरलं तर बारा वाट्या होतात. फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवा.

वरून हंगामातलं, म्हणून स्वस्त, फळ घाला. अननस आणि किवी मात्र कच्चे घालू नका. त्यांच्यातलं पाचक द्रव्य दुधातली प्रथिनं तोडतं आणि गोड कडवट होतं. अननस साखरेत पाच मिनिटं उकळून घेतला तर चालतो.

प्रश्न: बाराऐवजी सोळा जण आले तर?

चार मध्यम बटाटे, साधारण ४०० ग्रॅम, दीड सेंटिमीटरचे तुकडे करून मिठाच्या पाण्यात दहा-बारा मिनिटं उकडा आणि रश्श्यात घाला. बटाट्याचं पाव लिटर पाणीही घाला, मग एक-दोन टोमॅटो, आणि मीठ चव घेऊन. एक उकळी आली की झालं. त्याच वेळी शेजारच्या शेगडीवर ३०० ग्रॅम तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून निथळा. दोन्ही मिळून अर्ध्या तासात होतं. कोशिंबीर वाढवायला कोबी उरला नसेल तर कांदा पातळ उभा चिरून दहा मिनिटं थंड पाण्यात ठेवा, निथळा, लिंबू आणि मीठ लावा. गोडाच्या बारा वाट्या सोळांत वाटता येणार नाहीत. त्या मोठ्या भांड्यात एकत्र करा, फळ थोडं जास्त घाला आणि चमच्याने वाढा.